मनुका मध, शेतावरचा मध आणि आत्याचा खोकला

पूर्वभागवाला (सोमवार, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी. सोलापूरची गड्डा यात्रा संपली, पाळणेवाले निघाले, धूळही खाली बसली, पण आमच्या आत्याचा खोकला काही बसेना. रात्री अकराला सुरू होतो तो दोनपर्यंत. घरात सगळ्यांचं एकमत झालं की तिची प्रतिकारशक्ती कमी झालीय, मध चाटवला पाहिजे. एकमत व्हायचा अवकाश, आठ दिवसांत तीन बाटल्या जमल्या.

पहिली पुण्याच्या चुलतभावाची. न्यूझीलंडचा मनुका मध, पाव किलोला चार हजारांच्या वर. लेबलवर 'यूएमएफ १०+' आणि 'एमजीओ २६३'. भाऊ म्हणतो आकडा जितका मोठा तितकी इम्युनिटी जास्त. दुसरी शेजारच्या काकूंनी महाबळेश्वरहून आणलेली, जांभळाचा मध, काळपट. तिसरी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून आलेली, वडिलांच्या ओळखीतून, सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेतली. लेबल नाही, आणि तळाला साखरेसारखं काहीतरी बसलंय.

वडिलांनी तिन्ही बघितल्या आणि म्हणाले, "तेने अंटे तेने." (घरात आम्ही तेलुगू बोलतो. मध म्हणजे मध, एवढाच अर्थ.)

आत्याचं वय ६१. पस्तीस वर्षं विड्या वळल्या, आता बोटं वळत नाहीत म्हणून बंद. सांध्याची गोळी चालू आहे, आठवड्यातून एक. शुगर नाही.

प्रश्न एवढाच की प्रतिकारशक्तीला कुठला मध खरंच चांगला? अनुभव असलेल्यांनी लिहा, व्हॉट्सअॅपचे फॉरवर्ड नकोत.

---

कडकभाकरी (सोमवार, रात्री १०.३१)

मनुका मध म्हणजे मनुक्यांचा का बे? मग न्यूझीलंड कशाला, कासेगावातून आणायचा की. पंढरपूरला जाऊन दर्शनपण झालं असतं.

---

पूर्वभागवाला (सोमवार, रात्री १०.३६)

हसू नका, आत्याला पण तसंच वाटलं. बाटलीत तळाला मनुका शोधायली होती.

---

पेट्रीडिश (सोमवार, रात्री ११.२०)

मनुका हे तिथलं एक झुडूप आहे, माओरी भाषेतलं नाव. द्राक्षाशी काही संबंध नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, दरवर्षी पोरांकडून मधाचं प्रॅक्टिकल करून घेते, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी लेबलवरचा तो आकडा. यूएमएफ १० म्हणजे इम्युनिटी १० नव्हे. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन नावाचे संशोधक होते, त्यांच्या कामातून ही मोजपट्टी आली. ताटलीत जीवाणू वाढवायचे, मध्ये खड्डा पाडून मध घालायचा, भोवती किती जागा साफ होते ते बघायचं, आणि तीच जागा साफ करायला किती टक्के फिनॉल लागलं असतं ते मांडायचं. १० म्हणजे १० टक्के फिनॉलच्या तोडीचा. आजोबांच्या काळातला कार्बोलिक साबण आठवा, त्यातलंच हे कार्बोलिक. म्हणजे आकडा सांगतो की हा मध ताटलीतले जीवाणू किती मारतो. तुमच्या आत्याच्या पांढऱ्या पेशींबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

आता सगळेच मध थोडेफार जीवाणू मारतात, ते का? एक तर त्यात जवळपास ८० टक्के साखरच असते आणि पाणी १७-१८ टक्के. जीवाणूला जगायला पाणी लागतं, ते मध त्याच्या अंगातूनच ओढून घेतो. दुसरं, मध आंबट असतो, पीएच साधारण साडेतीन ते साडेचार. तिसरं मला फार आवडतं. माशी मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) घालते. मध घट्ट असतो तोवर ते झोपलेलं, पण ओलाव्यानं मध पातळ झाला की ते जागं होतं आणि हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. जखमेवर ओततात तेच फेसाळणारं, फक्त फार कमी प्रमाणात.

आपल्या रक्तात आणि ऊतींत कॅटालेज नावाचं दुसरं विकर असतं, ते पेरॉक्साइड मोडून टाकतं. मोलन यांनी प्रयोगात मुद्दाम कॅटालेज घातलं. बाकीच्या बऱ्याच मधांचा जोर उतरला, मनुकाचा टिकला. तो टिकाव कशामुळे हे कोडं बरीच वर्षं होतं. २००८ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या रसायनज्ञांनी दाखवलं की ते मिथाइलग्लायॉक्सल. लेबलवरचं एमजीओ ते हेच. मनुकाच्या फुलातल्या रसात डायहायड्रॉक्सिॲसिटोन असतं, मध मुरत जातो तसं त्याचं एमजीओ होतं. २६३ म्हणजे किलोमागे २६३ मिलिग्रॅम.

म्हणजे मनुका वेगळा आहे, हे खरं. पण कुठे वेगळा? जिथे तो थेट जीवाणूला भिडतो तिथे. गिळल्यावर हे एमजीओ आतड्यातच झपाट्यानं मोडतं, रक्तापर्यंत त्याची मिजास पोचत नाही.

---

कडकभाकरी (सोमवार, रात्री ११.२८)

थोडक्यात भाऊ चार हजार देऊन आत्याला फिनाईल चाटवायलाय.

---

पेट्रीडिश (सोमवार, रात्री ११.३०)

फिनॉल आणि फिनाईल वेगळं हो. आणि मधात फिनॉल नसतं, तुलना फिनॉलशी आहे. उद्या हेच वाक्य फॉरवर्ड होऊन मला परत येईल.

---

सांगोलेकर_डाळिंब (मंगळवार, पहाटे ५.५०)

राम राम. उठल्या उठल्या धागा दिसला, बरं झालं.

तळाला साखर बसली म्हणून तो मध फेकू नका. मध गोठतो, ते भेसळीचं लक्षण नाही. ज्यात ग्लुकोज जास्त तो लवकर गोठतो. मोहरीचा, सूर्यफुलाचा काही आठवड्यांत पांढरट लोण्यासारखा होतो. गिऱ्हाईक मात्र बाटली परत आणून भांडतं.

आता 'डाळिंबाचा मध' ही काय भानगड ते सांगतो. आम्ही बहार धरला की पेट्या भाड्यानं आणतो. मध मिळावा म्हणून नव्हे, फळधारणा चांगली व्हावी म्हणून. पेटीत मेलिफेरा, म्हणजे पाळीव युरोपियन माशी असते. डाळिंबाच्या फुलावर ती परागासाठी जास्त जाते, मधासाठी तिला बांधावरचं लागतं. शेजाऱ्याचं सूर्यफूल, ओढ्याकडेची बाभूळ, लिंब, बोर, काय मिळेल ते. ती सहज दोन-तीन किलोमीटर फिरून येते, तिला सातबारा कळत नाही. त्यामुळं आमच्या बागेतून निघतो तो 'मिसळीचा' मध. निव्वळ डाळिंबाचा म्हणून मी तरी कधी विकला नाही, आणि कोणी विकत असेल तर मी लांबून नमस्कार करतो.

पेटीवाला फवारणीच्या दिवशी पेट्या झाकून ठेवायला सांगतो, आम्ही संध्याकाळी फवारतो. जो हे पाळत नाही त्याच्या पेट्यांसमोर सकाळी माशांचा सडा पडलेला असतो. बघवत नाही.

---

जेनुतुप्पा (मंगळवार, सकाळी ९.०५)

अक्कलकोटहून. आमच्या आज्जीच्या कन्नडात मधाला जेनुतुप्पा म्हणतात, म्हणजे माशीचं तूप. म्हणून लहानपणी मला कळायचंच नाही, 'मध आणि तूप सारखं खाऊ नये' म्हणजे नेमकं काय खाऊ नये!

आमच्याकडं आग्या मोहोळाचा मध यायचा. कातळावरचा, धूर करून काढलेला, त्यात मेलेल्या माशा आणि अळ्यापण. गाळायचा फडका एकच, वर्षभर तोच. त्या मधाला जी ताकद होती ती ह्या बाटल्यांत नाही. आज्जी ९२ वर्षं जगली.

---

पेट्रीडिश (मंगळवार, सकाळी ९.४०)

आज्जींना नमस्कार. पण त्या ज्वारीची भाकरी खाऊन रोज विहिरीवरून पाणी पण आणत असतील. श्रेय एकट्या मधाला का?

---

वैद्य_बुधवारपेठ (मंगळवार, दुपारी १.१०)

दवाखान्यातून जेवायला घरी आलो, तेवढ्यात लिहितो.

मधाचे प्रकार हा विषय आमच्याकडे जुना आहे. चरकसंहितेत चार सांगितलेत, माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक. सुश्रुतसंहितेत आठ होतात, त्यात छात्र, आर्घ्य, औद्दालक, दाल यांची भर. गंमत बघा, आजचा बाजार फुलावरून नाव देतो, जांभूळ, ओवा, निलगिरी. ग्रंथांतली नावं बहुतेक माशीवरून आलेली. माक्षिक श्रेष्ठ, भ्रामर पचायला जड, असे गुणही वेगळे दिलेत. नवा मध अंग भरतो, जुना मेद कमी करतो, असाही भेद आहे.

दुसरं, मध 'योगवाही' आहे. ज्याच्याबरोबर द्याल त्याचं काम तो पुढे नेतो. खोकल्याला सितोपलादि चूर्ण मधातून देतो ते याच कारणानं. नुसता मध चाटवून 'प्रतिकारशक्ती वाढली' असं कुठल्या संहितेत नाही, तो शब्द हल्लीचा. मध ही गाडी आहे, आत कोण बसलंय ते बघा.

आणि कृपा करून उकळत्या काढ्यात मध घालू नका. कोविडच्या काळात घरोघरी तेच चाललं होतं. काढा कोमट होऊ द्या.

---

पेट्रीडिश (मंगळवार, दुपारी २.००)

वैद्यबुवा, शेवटच्या वाक्याला माझाही दुजोरा, कारण मात्र वेगळं. गरम केल्यावर मधाचं विष होतं म्हणतात, तसं मला प्रयोगशाळेत दिसलेलं नाही. पण उष्णतेनं ते ग्लुकोज ऑक्सिडेज मरतं आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं. मध किती तापला, किती जुना झाला हे त्यावरून ओळखतात. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकात किलोमागे ४० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, उष्ण प्रदेशातल्या मधाला ८० पर्यंत सूट. आपल्याकडे भारतातही ८०. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो आणि दुकानदार बाटल्या दर्शनी काचेत, थेट उन्हात मांडतो. तो मध काढ्यात घालायच्या आधीच शिजलेला असतो.

---

भिंगरी_जुळेसोलापूर (मंगळवार, दुपारी ३.२५)

जरा विषयांतर. माझं बाळ चार महिन्यांचं आहे. सासूबाई रोज अंघोळीनंतर मधात सोनं उगाळून चाटवायचं म्हणतात, बुद्धी आणि ताकद येते म्हणून. गोठलेला चालेल की पातळच हवा?

---

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, दुपारी ३.३३)

कुठलाच नाही, बाई. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको. महाबळेश्वरचा नको, न्यूझीलंडचा नको, घरच्या पोळ्याचा तर नकोच.

मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना रुजायला जागा मिळत नाही. तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. आधी बाळाला शौचाला होत नाही, मग रडणं क्षीण होतं, चोखणं कमी होतं, मान टाकतं, श्वासाचे स्नायूसुद्धा ढिले पडतात. उकळूनही ही बीजाणू जात नाहीत. क्वचित होतं, पण ज्याच्या घरी होतं त्याच्यासाठी क्वचित नसतं.

सासूबाईंना माझं नाव सांगा, "मोठ्या दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं रागावून सांगितलंय" म्हणा. सोनं उगाळायचंच असेल तर ते आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

---

भिंगरी_जुळेसोलापूर (मंगळवार, दुपारी ३.४१)

बापरे. धन्यवाद. आत्ताच बाटली वरच्या फडताळात ठेवली.

---

कडकभाकरी (मंगळवार, सायंकाळी ६.१२)

माझा अनुभव. पुणे रोडला कडेला एक जण बादलीत पोळं ठेवून मध विकत होता. माशा घोंगावत होत्या, हातावर थेंब टाकून दाखवला, काडी ओढून जाळून दाखवली, पाण्यात टाकला तर सरळ तळाला गेला. पाचशेला किलो घेतला. घरी आल्यावर आईनं चव घेतली आणि म्हणाली, "अरे, हा तर काकवीचा भाऊ." मग खरा मध ओळखायचा कसा?

---

सांगोलेकर_डाळिंब (मंगळवार, सायंकाळी ६.५०)

पाण्यात बुडणं, काडी जळणं, अंगठ्यावर न ओघळणं, ह्या सगळ्या घट्टपणाच्या परीक्षा आहेत. घट्ट पाक पण पास होतो. माशा पाकावर पण येतात, उसाच्या गुऱ्हाळावर बघा.

---

पेट्रीडिश (मंगळवार, सायंकाळी ७.३०)

आपल्या जिल्ह्याला पटेल असं उदाहरण देते. ऊस आणि मका कार्बन एका वाटेनं पकडतात, बहुतेक फुलझाडं दुसऱ्या वाटेनं. त्यामुळे उसाची साखर मधात मिसळली तर कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या-जड कार्बनच्या प्रमाणावरून, प्रयोगशाळेत पकडता येते. मग भेसळवाल्यांनी काय केलं? तांदळापासून सिरप केलं. भाताची वाट फुलझाडांचीच, म्हणून त्या चाचणीत सापडत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं १३ ब्रँड तपासून घेतले, त्यातले १० एनएमआर नावाच्या जास्त बारीक चाचणीत अडकले. कंपन्यांनी ते अमान्य केलं.

'कुठल्या मधानं इम्युनिटी वाढते' याच्या आधीचा प्रश्न आहे 'हा मध आहे का'. तांदळाच्या सिरपात माशीचं विकर नाही, परागकण नाहीत, काही नाही.

---

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, रात्री ९.१५)

एवढा धागा झाला आणि सोलापूरकरांना आपल्याच गावची गोष्ट माहीत नाही, म्हणून लिहिते.

१९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त मधावर एक निबंध आला. लेखक डॉ. एम. सुब्रह्मण्यम, पत्ता डॉ. वैशंपायन मेमोरियल मेडिकल कॉलेज, सोलापूर. भाजलेले १०४ रुग्ण. ५२ जणांच्या जखमेवर मध, ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन, ते पांढरं मलम जे सगळीकडे वापरतात. मधाच्या गटात ९१ टक्के जखमा ७ दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. १५ दिवसांत भरून आलेल्या जखमा ८७ टक्के विरुद्ध १० टक्के. जगात कुठेही 'मध आणि जखम' यावर लिहितात तेव्हा सोलापूरचं नाव येतं. आणि १९९१ साली आपल्याकडे मनुका कोण आणणार होतं?

मी स्वतः बर्न्स वॉर्डात बरीच वर्षं काढली, कुठल्या ते नको. पांढरं मलम लावलेली पट्टी दुसऱ्या दिवशी काढताना ती कोवळ्या कातडीला चिकटलेली असायची. पेशंट दाराकडे बघत बसायचा, आम्ही ट्रॉली घेऊन आलो की रडायला सुरुवात. मधाची पट्टी ओली राहते, सुटते अलगद. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण पुढचंही सांगते, नाहीतर उद्या कोणी भाजल्यावर घरीच मध थापेल. त्याच सुब्रह्मण्यम यांनी १९९९ मध्ये दुसरी तुलना छापली. मध्यम भाजलेल्यांत लवकर मेलेली कातडी काढून नवीन कातडी लावली तर ते मधाच्या पट्टीपेक्षा सरस ठरतं. ज्यानं मधाचं नाव केलं त्यानंच मध कुठे हरतो तेही लिहिलं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो या दुसऱ्या निबंधामुळे.

दवाखान्यात जखमेवर वापरायचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, फडताळातली बाटली नव्हे. भाजल्यावर घरी करायचं ते एकच, नळाचं साधं गार पाणी, २० मिनिटं.

---

पूर्वभागवाला (मंगळवार, रात्री ९.५२)

सिस्टर, हे खरंच माहीत नव्हतं. सिव्हिलच्या समोरून रोज जातो.

पण जखमेचं कळलं, खायचं काय? पेशींवर मधाचा काहीच परिणाम नाही का? भावानं पेपर पाठवलेत, त्यात 'मोनोसाइट', 'टीएनएफ' असं काय काय लिहिलंय.

---

पेट्रीडिश (मंगळवार, रात्री ११.०५)

आहे, आणि तिथेच खरी मजा आहे.

मोनोसाइट म्हणजे रक्तात गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी. जंतू दिसला की त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन अशी रसायनं सोडतात, ती म्हणजे शिट्टी. शिट्टी ऐकून बाकीचे धावतात. परीक्षानळीत या पेशींवर मध घातला तर त्या शिट्टी वाजवतात. २००७ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या गटानं मनुकातून एक छोटा घटक वेगळा काढला आणि तो टीएलआर-४ या दारातून पेशीला जागं करतो असं दाखवलं. दुसऱ्या काही प्रयोगांत रॉयल जेलीतलं एक प्रथिन हेच करतं असं दिसलं, ते प्रथिन माशीकडून येतं, म्हणजे जवळपास सगळ्याच मधात असतं. न्यूझीलंडच्याच कानुका मधात ॲराबिनोगॅलॅक्टन नावाची फुलाकडून आलेली साखरसाखळी तेच काम करताना सापडली. म्हणजे माशी आणि फूल, दोघांचा वाटा. वैद्यबुवा आणि बाजार, दोघेही थोडे थोडे बरोबर.

आता मेख. टीएलआर-४ हे दार मुळात जीवाणूंच्या कवचातलं विष, एंडोटॉक्सिन, ओळखण्यासाठी असतं. मधात जीवाणूंचे अवशेष असणारच. २००८ मध्ये एका गटानं तपासून लिहिलं की मधाचा हा परिणाम एंडोटॉक्सिनच्या परिणामापासून वेगळा काढता येत नाही. म्हणजे पेशी मधाला बघून शिट्टी वाजवतात की मधातल्या घाणीला बघून, हा प्रश्न. जेनुतुप्पांच्या आज्जीचा फडका आठवा!

आणि हे सगळं नळीत, जिथे मध थेट पेशीच्या अंगावर ओततात. चमचाभर मध खाल्ला की जठर, आतडं, यकृत ओलांडून त्यातली साखर रक्तात येते, बाकीचं फार थोडं. जखमेत मात्र मध आणि पेशी खरोखर समोरासमोर असतात. म्हणून जखमेतले निकाल ठळक आहेत आणि पोटातले पुसट.

खाऊन फायदा दिसतो ती जागा घसा. २००७ मध्ये अमेरिकेत १०५ मुलांवर कुट्टूच्या (बकव्हीट) फुलांच्या मधाचा प्रयोग झाला, खोकला आणि झोप दोन्हींत मध काहीच न देण्यापेक्षा सरस ठरला. पण मला महत्त्वाचा वाटतो तो इस्राएलचा, २०१२ चा. ३०० मुलं, वय १ ते ५. तीन वेगवेगळे मध, निलगिरीचा, संत्रावर्गी फुलांचा आणि तुळस-पुदिन्याच्या कुळातला. चौथ्या गटाला खजुराचा पाक, दिसायला-चवीला मधासारखाच. झोपायच्या आधी १० ग्रॅम. तिन्ही मध पाकापेक्षा चांगले. आणि तिन्ही मधांत आपापसात? फारसा फरक नाही.

तुमच्या वडिलांचं वाक्य परत लिहा बरं.

---

पूर्वभागवाला (मंगळवार, रात्री ११.११)

तेने अंटे तेने.

---

नाकतोंड_विजापूरवेस (बुधवार, सकाळी ८.२०)

मला काँग्रेस गवताची ॲलर्जी आहे, पावसाळा संपला की शिंकून जीव जातो. स्थानिक मध खाल्ला की शरीराला त्याच परागांची सवय होते म्हणतात. सांगोलेकर, एक किलो पाठवा.

---

सांगोलेकर_डाळिंब (बुधवार, सकाळी ८.४४)

पाठवतो की. पण नाकाला फरक पडेल असं सांगून नाही पाठवणार.

---

पेट्रीडिश (बुधवार, सकाळी १०.०२)

शेतकऱ्यानं गिऱ्हाईक घालवलं, पण बरोबर केलं. नाकात त्रास देतात ते बहुतेक वाऱ्यानं उडणारे हलके पराग, गवताचे वगैरे. मधात येतात ते माशीनं फुलावरून आणलेले जड, चिकट पराग. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये ३६ जणांना तीन गटांत स्थानिक मध, बाहेरचा गाळलेला मध आणि मधाच्या चवीचा मक्याचा पाक दिला. तिघांत फरक दिसला नाही. मलेशियात मोठ्या मात्रेत मध, सोबत ॲलर्जीची गोळी, असं देऊन थोडा फायदा दिसलाय, पण ती मात्रा वजनाच्या किलोमागे रोज १ ग्रॅम. तुमचं वजन ७० असेल तर रोज ७० ग्रॅम. नाक सुटेल, पोट सुटेल, आधी काय सुटेल सांगता येत नाही.

---

निवृत्त_सिस्टर (बुधवार, सकाळी १०.४०)

पूर्वभागवाला, रात्री झोप येईना म्हणून तुमची पहिली पोस्ट परत वाचली. 'सांध्याची गोळी, आठवड्यातून एक.' ती मेथोट्रेक्सेट आहे का? पिवळी, छोटी? सोबत दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड?

असेल तर नीट ऐका. आत्याचा तो संधिवात म्हणजे तिचीच प्रतिकारशक्ती तिच्याच सांध्यांवर उलटलीय. ती गोळी त्या प्रतिकारशक्तीला आवर घालायला दिलीय. आणि तुम्ही सगळे मिळून ती वाढवायला मध गोळा करताय. मध चमचाभर घेतल्यानं तसं काही बिघडणार नाही, तेवढी ताकद त्यात नाही. पण 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे वाक्य तिला लागूच नाही.

महत्त्वाचं पुढे. या गोळीनं काही जणांना फुफ्फुसाचा त्रास होतो, कोरडा खोकला आणि दम लागतो. शिवाय गोळीमुळे टीबीसारखं काही वर डोकं काढू शकतं. त्यात पस्तीस वर्षं तंबाखूच्या धुळीत बसलेली बाई. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा सरकारी नियमच आहे. किती दिवस झाले? ताप, वजन कमी होणं, जिना चढताना धाप? आजच डॉक्टरकडे न्या, गोळीचं पाकीट सोबत न्या.

---

पूर्वभागवाला (बुधवार, सकाळी १०.५८)

हो, मेथोट्रेक्सेटच. अठरा दिवस झाले. धाप नाही वाटत, पण ती सांगणारी बाई नाही. दुपारी सुट्टी टाकून नेतो.

---

वैद्य_बुधवारपेठ (बुधवार, दुपारी १.३०)

सिस्टरबाईंनी नेमकं पकडलं. मीही ती ओळ वाचून पुढे गेलो होतो, आणि मधाच्या आठ नावांत रमलो. आधी तपासण्या होऊ द्या. चूर्ण-मध कुठे पळून जात नाही.

---

कडकभाकरी (बुधवार, दुपारी १.३४)

काय झालं ते कळव बे. दिवसभर मोबाइल बघायलो.

---

पूर्वभागवाला (शनिवार, रात्री ८.२०)

मंडळी, अपडेट.

छातीचा एक्सरे साफ. थुंकी दोनदा दिली, टीबी नाही. रक्तातल्या पेशी ठीक. डॉक्टरांनी छाती नीट ऐकली, बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावून तिला कॉरिडॉरमध्ये चालवलं, आकडा खाली गेला नाही. गोळीचा संबंध सध्या तरी दिसत नाही म्हणाले. नाकामागून घशात पाणी उतरतं, आडवं झालं की खोकला सुटतो, एवढंच निघालं. नाकात मारायचा फवारा दिला, उशी उंच करायला सांगितली. सांध्याच्या डॉक्टरांना कळवून ठेवायला सांगितलंय, आणि धाप लागली तर थांबू नका म्हणाले.

मी मधाचं विचारलं. म्हणाले रात्री चमचाभर घ्या, घशाला बरं वाटतं. कुठला घेऊ विचारलं तर म्हणाले, "घरात जो आहे तो." तिन्ही आहेत म्हटल्यावर हसायला लागले.

मग घरी तिन्ही बाटल्या आत्यापुढं ठेवल्या. मनुका चाटला आणि तोंड वाकडं केलं, "औषधाच्या दुकानासारखा वास येतोय." जांभळाचा कडवट लागला. गोठलेला सांगोल्याचा तिनं बोटानं खरवडून खाल्ला, परत खाल्ला, आणि आता बाटली तिच्या उशाशी असते. काल रात्री एकदाच खोकली.

चार हजारांच्या बाटलीचं काय करू ते सांगा. सध्या फ्रिजमध्ये ठेवलीय.

---

सांगोलेकर_डाळिंब (शनिवार, रात्री ८.३६)

फ्रिजमधून काढा आधी, लवकर गोठेल. झाकण घट्ट लावून फडताळात ठेवा. आणि हुरडा सुरू झालाय, रविवारी आत्याला घेऊन या. बाटली भरून देतो.

---

कडकभाकरी (शनिवार, रात्री ८.३९)

मनुका मध माझ्या आईला पाठव बे. काकवीशी ताडून बघेल.